साहेब, तुम्ही बसला नाहीत

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

मागाहून कळलं, कागद वरपर्यंत आलेच नाहीत, खालच्यांनी कानावर घातलं नाही, हे जे काय असेल ते तुम्ही तुमच्या साहेबांना सांगा. आडसड्याला सांगू नका. आमच्या गावच्या बाकांत फुरशी राहतात आणि माणसं त्यांनीच मरतात, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही बाकांवर बाक मंजूर करत राहिलात. मी फाट्यावर चहा विकतो. शाळा चौथीत सुटली. गावचे अर्ज मीच लिहितो, तेव्हा तुमच्या टेबलावर काय पोचलं आणि काय नाही ते मला विचारा.

ज्यांनी आडसडा बघितला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. रत्नागिरीहून जयगडच्या वाटेला लागलं की वर उघडा कातळ लागतो, त्याला आम्ही सडा म्हणतो. सगळा जांभा दगड. त्याच्या काठाला आमची घरं. कमावते हात मुंबईला, मागे बायका, म्हातारे आणि फुरशी. फुरसं हातभरसुद्धा नसतं, रंग दगडाचा, बसणं दगडाखाली. नाग निदान फणा काढून बजावतो, याला फणाच नाही. पण चावलं की माणूस लगेच मरत नाही. हिरड्यांतून रक्त येतं, लघवीतून रक्त येतं, असं दोन-चार दिवस चालतं. म्हणजे वाचवायला सवड असते. त्या जनावराचा चांगुलपणा म्हणायचा तर तेवढाच, आणि तोही आपण फुकट घालवतो.

आता बाक. मुंबईत आमच्या गावचं मंडळ आहे. चाकरमानी पगारातून वर्गणी काढतात आणि गावाचं भलं करतात. भलं म्हणजे नेमकं काय करायचं यावर लालबागच्या एका खोलीत तीन रविवार भांडण झालं, आणि ठरलं की गेलेल्या माणसाच्या नावाने बाक द्यायचा. बाक दिसतो. बाकावर नाव घालता येतं. सुट्टीत आलं की पोराबाळांना दाखवता येतो. पहिला बाक बाबल्या म्हाताऱ्याच्या नावाचा. म्हातारा झोपेत गेला होता, त्याचं काही म्हणणं नव्हतं.

बांधला रामा गवंड्याने. रामाने जन्मभर तुळशीवृंदावनं बांधलेली. त्याने चिऱ्यावर चिरा रचला, सिमेंट वाचवलं, वर काळी फरशी टाकली, आणि सवयीने पुढच्या अंगाला, खाली, दिव्यासाठी दिवळी ठेवली. वारा लागू नये म्हणून चांगली कोपरभर खोल. आता दिवळी आहे म्हटल्यावर दिवा नको? मग पुण्यतिथीला तिन्हीसांजेला घरच्या माणसाने आत हात घालून दिवा लावायचा, अशी रीत पडली. आमच्याकडे रीत पडायला दोन वर्षं पुरतात, मोडायला सात पिढ्या लागतात.

दगडाचा गार, कोरडा, काळोखी कोनाडा. पोफळीच्या कॉलनीत वीज कामगारांना मिळतात तशी फुरशांना क्वार्टर्स मिळाली.

पुढचं गणित तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. दिवा लावताना एकाला फुरसं चावलं. तो गेला. त्याच्या स्मरणार्थ बाक. त्या बाकात दिवा लावताना त्याचा भाऊ गेला. त्याच्या स्मरणार्थ बाक. इतक्यावर थांबलं असतं, पण मध्ये तुमच्या तालुक्याच्या कचेरीने बसण्याच्या सोयीची योजना काढली. मंडळाने एक बाक दिला की कचेरीचा दुसरा. एक माणूस मेला की दोन बाक उभे. सहा-सात वर्षांत सड्यावर माणसांपेक्षा बाक जास्त झाले. बसायला कोणी नाही, कारण बसणारे मुंबईत. तुमच्या अहवालात मात्र आडसडा हे तालुक्यातलं सगळ्यात जास्त बसण्याची सोय असलेलं गाव आहे. खोटं नाही ते.

गेल्या साली महिपत गेला. बाबल्याचा थोरला मुलगा. बापाच्या बाकात दिवा लावायला वाकला आणि "काटा लागला" म्हणाला. आधी भगताकडे नेला, मग तालुक्याच्या दवाखान्यात. तिथे इंजेक्शन संपलेलं. मुंबईहून येणार होतं, आणि आलंही. महिपतच्या तेराव्याला.

त्याची बायको सावित्री. माझ्या घराला घर लागून, मी तिला वयनी म्हणतो. तिचा एकुलता मुलगा विठू, रत्नागिरीच्या कॉलेजात बीएस्सी झालेला. आता नीट लक्ष द्या साहेब: महिपतच्या नावाचा बाक झाला, की वर्षश्राद्धाला त्याच्या दिवळीत हात घालणार कोण? विठू. वयनीला ते पहिल्या दिवशी कळलं. गावाला कळलं नाही, मंडळाला कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं.

मंडळाचा सेक्रेटरी सदू. संपात मिल बुडाली तेव्हापासून मंडळ हेच त्याचं काम. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. महिपतच्या नावाची फरशी त्याने मुंबईपासून यष्टीत मांडीवर धरून आणली. वयनी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी तिथेच होतो.

"वयनी, दादाचं नाव बगा कसं झकास कोरलंय."

"बगितलं. भावजी, एक सांगा. या दगडाऐवजी सापावरची इंजेक्शनं आणली असती तर?"

"इंजेक्शनावर नाव कुठं घालणार?"

"नाव नको."

"असं कसं? दादाचं नाव रवायला नको?"

"विठू महिपत असं लिवतो माझा पोर. पोर रवला की नाव रवलं."

सदू खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "वयनी, समजा आणलं इंजेक्शन. समजा माणूस वाचला. मग स्मरणार्थ कोणाच्या द्यायचं? मंडळ बंदच पडंल."

तो मस्करी करत नव्हता.

विठूने तोवर दुसरंच चालवलं होतं. घराघरांत जाऊन तो विचारायचा: तुमच्याकडे कोणाला चावलं, कुठे चावलं, हाताला की पायाला? म्हातारी चिमा त्याला म्हणाली, "शिकलास एवढा नि मेलेल्यांची चौकशी करत फिरतोस? जित्याची कर." पण उत्तर दिलंन. सगळ्यांनी दिलं. पूर्वी आमच्या लोकांना फुरसं पायाला चावायचं, गवत कापताना, लाकडं गोळा करताना. बाक झाल्यापासून दहातल्या आठांना हाताला चावलं, आणि ते आठही दिवा लावायला वाकलेले. मग विठूने पहार घेऊन आजोबाचा बाक उघडला. मी लांब उभा होतो, तरी आतली फुरशी बघून टपरीच्या छपरावर चढावंसं वाटलं.

सहाणेवर, म्हणजे गावची पालखी टेकते त्या ओट्यावर, गाव जमलं. विठूने सगळं सांगितलं. मग चिमा म्हणाली, "म्हंजे बाक अगदीच फुकट न्हाय गेले. कोण तरी रवतंय."

सूचना आल्या. एक म्हणाला, दिव्याऐवजी बल्ब लावू. वीज कुठे आहे असं विचारल्यावर तो खाली बसला, कारण विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून पुढे जातात, खाली उतरत नाहीत. एक म्हणाला, सड्याच्या तोंडाशी "फुरशांपासून सावध" असं कोरून बाक बांधू. त्याला दोघांनी अनुमोदन दिलं. सदू म्हणाला की दिवळी बंद करणं म्हणजे मेलेल्यांच्या तोंडावर दार लावणं आहे. यावर बायका रडल्या, आणि दिवळी राहिली.

मग सगळं विठूवर घसरलं. सदू म्हणाला, "तू घरात बसून हे उद्योग करू नको. रमजान दुबईला कंपनीत कामाला हाय, त्याला सांग. तितं गेलास तर वर्साला चार बाक एकटा देशील. गावाचं कल्याण करायचं तर असं करावं."

रमजान तिथेच उभा होता. खाडीकाठच्या मोहल्ल्यातला, विठूच्या वर्गातला, रजेवर आलेला. तो म्हणाला, "सदूकाका, मी तिकडे उन्हात पाइप मोजतो. ते माणसं मारायला पैसे पाठवण्यासाठी नाही. मला कोणी सांगा, काय विकत घेतलं तर माणूस मरणार नाही. तेवढं मी घेतो."

इतका साधा प्रश्न आमच्या सहाणेवर आजवर कोणी विचारला नव्हता. लोकांना तो उद्धट वाटला.

विठू उत्तर शोधायला मुंबईला गेला. तिथे एका प्रयोगशाळेत घोड्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तातून ही सापावरची लस काढतात. तिथे मदतनिसाची जागा होती, पगार दुबईच्या पासंगालाही नाही. तिथल्या माणसाने त्याला सांगितलं की लस पावडरीचीही मिळते. पाण्यात कालवून देतात. तिला फ्रीज लागत नाही. आणि साहेब, तोवर तुमच्या कचेरीचं आम्हाला एकच उत्तर होतं: फ्रीज नाही म्हणून लस नाही, वीज नाही म्हणून फ्रीज नाही.

रमजानने बाटल्या घेतल्या. पाच-सहा माणसांना पुरतील एवढ्या. विठू त्या घेऊन उपकेंद्रातल्या इशरतबाईंकडे गेला. त्या नर्स आहेत, आसपासची सगळी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या म्हणाल्या, "मला टोचायचं शिकवलंय डॉक्टरांनी. कपाटात जागा आहे. पण तालुक्याच्या कचेरीतून कागद हवा. कागदाशिवाय एक बाटली ठेवली तर उद्या माझी नोकरी जाईल, मग सुया काय तुम्ही टोचणार?"

एवढंच अडलं होतं. पैसे नको, इमारत नको, माणूस नको. एक कागद.

तो अर्ज मी लिहिला, आणि वयनीबरोबर मीच तुमच्या कचेरीत आलो. तुम्ही अर्ज वाचलात. बाकी काही म्हणा, तुम्ही वाचता.

"बाई, देणगी बसण्याच्या सोयीसाठी घेता येते. यात बसण्याची सोय कुठे आहे?"

"सायेब, माणूस जिता असला तर बसंल ना."

"ते योजनेत येत नाही. हे बघा, बाक बांधला की फोटो काढता येतो. फोटो वर पाठवता येतो. एक माणूस मेला नाही, याचा फोटो कसा काढायचा?"

"जो मेला न्हाय त्याचाच काढा. उभा करून."

तुमचा शिपाई हसला आणि तुम्ही त्याच्याकडे बघितल्यावर खोकला. मग वयनीने पिशवीतून चिनी मातीची बरणी काढून टेबलावर ठेवली. तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं.

"लोणचं? कशाला उगीच," असं म्हणत तुम्ही बरणी जवळ ओढलीत. आत काही तरी खरखरलं. करवत लाकडावर घासावी तसं. फुरसं अंगावर अंग घासून तो आवाज काढतं. तुमची खुर्ची भिंतीला लागली, साहेब. मी बघितलं.

"हे कुठे सापडलं?"

"बाकात. मंडळाच्या न्हाय, तुमच्या हिश्श्याच्या."

तुम्ही घंटी वाजवलीत, पण शिपाई आत यायला तयार नव्हता. तेव्हा वयनी म्हणाली, "मी भांडायला न्हाय आले. माझ्या घोवाचा बाक तुमी मंजूर केलाय. उद्घाटनाला या. त्या बाकावर बसा, नि दिवळीत हात घालून दिवा लावा. तुमी लावलात तर मी जल्मात तक्रार करणार न्हाय."

"येईन की. बसेन की. एवढं काय त्यात," तुम्ही म्हणालात.

साक्षीला मी होतो, दाराआड शिपाई होता आणि बरणीत फुरसं होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी उन्हं उतरताना तुमची जीप आली. मंडप घातला होता, फोटोवाला रत्नागिरीहून आणला होता. तीन दिवसांपूर्वी पुरा झालेला बाक झेंडूच्या माळा घालून समोर. गाव उभं, कारण सगळ्यांना बघायचं होतं तुम्ही कसे बसता ते. तुमचा ड्रायव्हर खाली उतरला. जीपच्या मागून त्याने घडीची खुर्ची काढली. काठीने जमीन आपटत एक गोल फेरा मारला, मध्ये खुर्ची मांडली, आणि तुम्ही त्या खुर्चीवर बसलात. बाकापासून चांगलं अंतर ठेवून.

बाकाच्या उद्घाटनाला घरून खुर्ची आणलीत, साहेब. आणि भाषण केलंत, विसावा हा प्रगतीचा पाया आहे.

भाषण संपलं तेव्हा सदूने दिवा पेटवून ताटात ठेवला. वयनी म्हणाली, "सायेब लावतील. बोलणं झालंय आमचं."

"नाही नाही," तुम्ही म्हणालात. "हा मान घरच्या माणसाचा."

सगळं गाव विठूकडे बघायला लागलं. बाहेरचे म्हणतील, एवढं शिकलेला, ज्याने बाक उघडून बघितला, तो कशाला उठेल? तो उठला. बापाचं नाव कोरलेलं, सगळी भावकी समोर, सगळ्यांच्या माना एका बाजूला. मीही बघत होतो त्याच्याकडे. तुम्ही बघत होतात. वयनी मध्ये आली आणि तिने त्याच्या हातातून दिवा घेतला.

"मागं सर. घरचं माणूस मी हाय."

"आये, तू नको."

"मग कोन? तू?"

दोघं एकाच दिव्यासाठी ओढाताण करायला लागले. तेल सांडलं. फोटोवाला म्हणाला, उजेड चाललाय. सदूचा जीव खालीवर व्हायला लागला. सगळा कार्यक्रम त्याने जमवलेला. "द्या इकडं," तो म्हणाला. "कोरा करकरीत बाक. तीन दिसांत काय येतंय त्यात?" आणि दिवा घेऊन त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

माणसाला क्वार्टर मिळायला वर्षं लागतात. फुरशाला तीन दिवस पुरले.

"काटा लागला," सदू म्हणाला. मग त्याने हात बाहेर काढून बघितला. आणि तो बसला. बाकावर. आडसड्याच्या बाकावर बसलेला मी पाहिलेला तो पहिला माणूस.

फोटोवाल्याने फोटो काढला.

इशरतबाई धावल्या. हात हलवू नका, भगताकडे नेऊ नका, जीपमध्ये घाला, असं त्या ओरडून सांगत होत्या. आणि तेवढ्यात तुमचा ड्रायव्हर, कोणी न सांगता, जीपकडे गेला आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आला. आत पावडरीच्या बाटल्या, पाणी, सिरिंज, सगळं.

"कोणाची ही?" इशरतबाईंनी विचारलं.

"सायबांची. सड्यावर येताना ठेवतो नेहमी."

तुम्ही म्हणालात, "अरे, ती…" आणि थांबलात. सगळं गाव तुमच्याकडे बघत होतं. आत्ता आत्तापर्यंत विठूकडे बघत होतं ना, तसंच.

इशरतबाईंनी बाटल्या कालवल्या आणि तिथेच, त्याच बाकावर, सदूच्या शिरेत दिल्या. मग सदूला जीपमध्ये आडवा करून त्या आणि विठू तालुक्याला गेले. जीप गेली आणि तुम्ही राहिलात. सड्यावर, खुर्चीत. गाव पांगलं. मी चहा घेऊन आलो तेव्हा तुम्ही दोन्ही पाय वर खुर्चीत घेऊन बसला होतात, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखे.

"इथे खाली काही नाही ना?" तुम्ही विचारलंत.

"सांगता येत न्हाय," मी म्हणालो. "आणि तुमची पेटी तर आता गेली."

तुम्ही चहा घेतला नाहीत. मला तुमचा राग यायला हवा होता. त्या वेळी नाही आला. आता येतो, लिहिताना.

सदू वाचला. एक बोट वाकडं राहिलं, बाकी खणखणीत. गावात फुरसं चावलेला माणूस वाचला हे पहिल्यांदा घडलं आणि लोकांना काय करावं कळेना. हार घालावा तर सदू जिवंत. मंडळाची सभा झाली, त्यात एकाने विचारलंच म्हणे, मग या खेपेचा बाक कोणाच्या नावे? तेव्हा सदू, तोच सदू, वाकड्या बोटाचा हात वर करून म्हणाला, "माझ्या नावे देताय काय? द्या. पण दिवा तुमी लावायचा." सभा संपली.

नंतर त्याने आणि वयनीने मिळून महिपतचा बाक उतरवला. फरशी तिने विहिरीवर नेली. त्यावर आता बायका कपडे धुतात. नाव वरच्या बाजूला ठेवलंय, रोज धुतलं जातं, कोणत्याही नावापेक्षा स्वच्छ आहे. विठू घोड्यांच्या कामाला लागला. गाव त्याला चेष्टेने "घोड्यांचा मास्तर" म्हणतं आणि पगार ऐकून त्याच्या आईची कीव करतं. वयनीला विचारलं की ती म्हणते, "दुबईला गेला असता तर बाक आले असते. हितनं बाटल्या येतील."

येतील. पण ठेवायच्या कुठे?

कारण रमजानच्या बाटल्या अजून विठूच्या ट्रंकेत आहेत. त्यांच्यावर तारीख छापलेली असते साहेब, तुमच्यासारखी मुदतवाढ मिळत नाही त्यांना. आमच्या अर्जाला तुमच्या कचेरीचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. मी टपरीवर चार लोकांना वाचून दाखवलं. अर्ज परत करण्यात येत आहे, कारण त्यात नियोजित बाकाची लांबी व रुंदी नमूद नाही.

बाक उतरवायचं काम चालू आहे. एका वेळी एक, पहारीने, लांब उभं राहून. पण फुरशी कातळावर आमच्याआधीपासून आहेत आणि नंतरही राहतील. पुन्हा कोणाला तरी चावेल. पायाला चावेल, पण चावेल. त्या दिवशी तुमची जीप सड्यावर असेलच असं नाही.

म्हणून विचारतो, आणि या वेळी अर्ज करत नाही. जी पेटी तुमच्या सीटखाली मावते, ती इशरतबाईंच्या कपाटात का मावत नाही? कागद देता की नाही, ते एका ओळीत लिहा. आणि दुसऱ्या ओळीत हे लिहा: तुमच्याच सहीने उभा राहिलेला, माळा घातलेला, नवा कोरा बाक समोर होता, बाईला तुम्ही शब्द दिला होता, सगळं गाव उभं होतं. साहेब, तुम्ही का बसला नाहीत?

उत्तर द्या.